सुभेदार रामजी : मुलाच्या आठवणींतले वडील

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सलग आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या बालपणाविषयीची त्यांची स्वतःची साक्ष विखुरलेल्या स्वरूपात सापडते. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचे टिपण, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना, एका अर्थशास्त्रीय ग्रंथाची अर्पणपत्रिका आणि निरनिराळ्या प्रसंगी काढलेले उद्गार ही त्याची प्रमुख साधने होत. चांगदेव भवानराव खैरमोडे आणि धनंजय कीर या चरित्रकारांनी मिळवलेल्या माहितीची जोड त्यांना दिली, तर एका व्यक्तीचे चित्र हळूहळू स्पष्ट होत जाते. ही व्यक्ती म्हणजे त्यांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

मुलाच्या पाठीशी उभे राहणारे वडील असे म्हटले की सामान्यतः प्रेमळ, लाड पुरवणारा, मुलाच्या मनाप्रमाणे वागणारा बाप डोळ्यांसमोर येतो. रामजी सुभेदार या साच्यात बसत नाहीत. ते करड्या शिस्तीचे होते, मुलाच्या यशाचा गाजावाजा त्यांना आवडत नसे आणि मुलाने उलट प्रश्न विचारलेलाही त्यांना खपत नसे. असे असूनही त्या मुलाने आयुष्यभर त्यांच्याविषयी जी कृतज्ञता बाळगली, तिचे कारण शोधू लागले असता वडिलांचा आधार प्रत्यक्षात कोणकोणत्या गोष्टींचा बनलेला असतो, हे समजण्यास मोठी मदत होते.

लष्करातील शिक्षकाचे घर

सकपाळ कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यामधील आंबडवे या गावचे. महार समाजातील अनेक कुटुंबांप्रमाणे याही घराण्याने गावकीच्या कामातून बाहेर पडण्याचा मार्ग लष्करी नोकरीत शोधला होता. रामजींचे वडील मालोजी हे सैन्यात होते आणि रामजीही त्याच वाटेने जाऊन सुभेदार या पदापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या हिंदी शिपायांना मिळू शकणाऱ्या वरच्या अधिकारपदांपैकी एका पदापर्यंत पोहोचले. त्यांची खरी ओळख मात्र शिक्षकाची होती. हिंदी शिपायांच्या मुलांसाठी लष्करात शाळा चालवल्या जात आणि तेथील शिक्षकांना अध्यापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला नॉर्मल स्कूल म्हणत. असे प्रशिक्षण घेतलेले रामजी चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. याच नोकरीच्या काळात, १४ एप्रिल १८९१ रोजी, मध्य भारतातील महू येथील छावणीत रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य जन्माला आले. त्याचे नाव भीमराव; घरात त्याला भिवा म्हणत.

गावच्या शाळेचे दार ज्या समाजाला बंद होते, त्या समाजातील एका मुलाला जन्मतःच शिक्षकाचे घर लाभले, ही गोष्ट पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे. या दुर्मीळ संधीचे मोल रामजींना पुरेपूर कळत होते. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या खटपटीत ते होते. भरती बंद होण्याचा अर्थ केवळ पगार जाणे एवढाच नव्हता. लष्कराबरोबर येणारी शाळाही पुढच्या पिढीला मिळणार नव्हती.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीला आणि नंतर सातारला राहिले. सातारला असतानाच भीमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी भिवा जेमतेम पाच वर्षांचा होता. आईमागे मुलांचा सांभाळ त्यांच्या आत्याने, रामजींची बहीण मीराबाई यांनी केला. रामजी कबीरपंथी होते. संत कबिरांची शिकवण मानणारा हा पंथ जातिभेद आणि मूर्तिपूजा नाकारतो. पंथाच्या ग्रंथांचे वाचन रामजी स्वतः करीत आणि त्याबरोबरच रात्री झोपण्यापूर्वी भीमराव व त्यांचे थोरले भाऊ यांनी रामायण-महाभारतातील काही भाग बहिणींना आणि कथा ऐकण्यासाठी जमलेल्या मंडळींना वाचून दाखवावा, असा त्यांचा दंडक होता. हा क्रम अनेक वर्षे अखंड चालल्याचे बाबासाहेबांनी १९५६ च्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. श्रोत्यांसमोर रोज मोठ्याने वाचणाऱ्या मुलाचे उच्चार स्वच्छ होतात, शब्दसंग्रह वाढतो आणि चारचौघांत बोलण्याची भीड चेपते, हे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला निराळे सांगण्याची गरज नव्हती.

गोरेगावचे बोलावणे

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हा दिवस आता महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. शाळेत नाव घालणे वडिलांच्या हातात होते. वर्गात काय घडेल हे त्यांच्या हातात नव्हते. भिवाला इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे आणि शाळा सुटल्यावर तो तुकडा परत घरी न्यावा लागे. पाण्याच्या तोटीला त्याने हात लावायचा नसे, त्यामुळे शाळेचा शिपाई हजर असेल तरच तहान भागे. गावातील न्हावी या घरातील मुलांचे केस कापत नसे, म्हणून ते काम थोरली बहीण करी.

याच काळातील एक आठवण बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये विस्ताराने लिहिली आहे. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी करीत होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. नोकरीमुळे मुलांपासून दूर राहावे लागलेल्या वडिलांनी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना आपल्याकडे बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले असे सारे जाणार होते. त्यांच्यापैकी कोणीही तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. प्रवास कसा करायचा याच्या बारीकसारीक सूचना रामजींनी पत्राने दिल्या होत्या आणि निघण्याचा दिवस कळवल्यास स्टेशनवर शिपाई पाठवण्याची व्यवस्थाही सांगितली होती. मुलांसाठी या प्रवासाला म्हणून नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे अशी जय्यत तयारी झाली. इतक्या वर्षांनंतर लिहितानाही बाबासाहेबांना या कपड्यांचा तपशील स्पष्ट आठवत होता. वडिलांच्या भेटीला निघालेल्या मुलांचा आनंद त्या वर्णनात जागोजाग जाणवतो.

मसूर स्टेशनवर मुले उतरली, तेव्हा त्यांना घेण्यासाठी कोणीही आलेले नव्हते. चांगल्या कपड्यांतील ही मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली, परंतु आपण महार असल्याचे मुलांनी सांगताच ते मागे सरले. पैसे देण्याची तयारी असूनही एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत बसवायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून पायी चालायचे, अशी तडजोड झाली. बरोबर फराळ भरपूर होता. पण वाटेत कोणी पाणी देईना आणि पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून मुले रात्री उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली, तेव्हा त्यांना अचानक दारात पाहून रामजी चकित झाले. मुलांनी पाठवलेले पत्र नोकराने त्यांना दिलेच नव्हते.

या घटनेने आपल्याला जबर धक्का दिला आणि अस्पृश्यतेचा विचार करायला लावले, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. वडिलांविषयीच्या आठवणींत तिला निराळेही महत्त्व आहे. रामजींनी मुलांसाठी जे करता येण्यासारखे होते ते सर्व केले होते. भाड्याचे पैसे, प्रवासाच्या सूचना आणि स्टेशनवर माणूस पाठवण्याची तजवीज यांपैकी कशातही कसूर नव्हती. नवे कपडे आणि पेन्शनीचे पैसे यांच्या बळावर मुलांच्या अंगावरची जात मात्र पुसता येत नव्हती. बापाची माया कितीही सावध असली तरी समाजाने पाणी नाकारल्यावर ती अपुरी पडते, हे त्या मुलाला त्या रात्री कळले. वडिलांना यासाठी दोष देण्याचा सूर त्याच्या लेखनात कोठेही उमटत नाही.

पिता-पुत्रांत दुरावा आलाच नाही असे नाही. रामजींनी दुसरा विवाह केला आणि आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवा दुखावला गेला. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने मनाशी ठरवले आणि प्रवासखर्चासाठी आत्याच्या कनवटीचा बटवाही हळूच काढून घेतला. बटव्यात अवघा अर्धा आणा निघाला. त्यानंतर त्याने तो बेत सोडून दिला आणि मन लावून अभ्यास करून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निश्चय केला, असे कीर यांनी चरित्रात सांगितले आहे.

डबक चाळीतील रात्री

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, सरपण, भांडीकुंडी आणि घरातील सर्व माणसे यांची सोय त्या एकाच खोलीत होती. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. दिवसभर गजबजलेल्या त्या चाळीत अभ्यासाला शांत जागा मिळणे अशक्य होते. जागा मिळत नाही तर वेळ मिळवायचा, असा मार्ग रामजींनी काढला. मुलाने रात्री लवकर झोपावे, रामजींनी दोन वाजेपर्यंत जागे राहावे, दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग त्याने मोकळी केलेल्या जागेवर स्वतः आडवे व्हावे, असा क्रम परीक्षेच्या काळात सुरू झाला. मुलगा रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचीत बसे.

या व्यवस्थेचा बारकाईने विचार केला तर तिच्यात भावनेचे प्रदर्शन जराही नाही, हे लक्षात येते. साठीच्या घरात आलेला, तुटपुंज्या पेन्शनीवर संसार चालवणारा माणूस रोज आपली अर्धी झोप मुलाला देतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करतो. अभ्यास कर असे सांगणारे पालक पुष्कळ असतात. मुलाच्या अभ्यासाला आवश्यक असलेली अंधारातली शांतता स्वतः जागून राखणारे विरळा.

पुस्तकांची गोष्टही अशीच आहे. इंग्रजी आणि भाषांतर यांची तयारी रामजी स्वतः करून घेत. परंतु भीमरावांची भूक शालेय पुस्तकांवर भागत नसे आणि अवांतर पुस्तके विकत घेण्याइतके पैसे घरात नसत. अशा वेळी रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन उसने पैसे मागत. तेथे सोय झाली नाही, तर दुसऱ्या मुलीकडे जाऊन तिचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत नेऊन देत. हे दागिने बहुधा त्यांनीच मुलींच्या लग्नात घातलेले असत. कष्टाने उभी केलेली पत पुन्हा पुन्हा पणाला लावून घरात पुस्तक येत असे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. या आधाराची किंमत एकट्या रामजींनी मोजली नाही. दोन्ही मुलांना हायस्कुलात शिकवणे परवडेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. बहिणींनी दागिने दिले, आत्याने आईच्या जागी राहून सांभाळले. एका मुलाच्या शिक्षणामागे साऱ्या घराचा त्याग असतो आणि त्यात घरातील मुलींचा वाटा बरेचदा अबोल राहतो, हे या कुटुंबाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. वडिलांचे मोठेपण सांगताना या भावंडांचे ऋण विसरणे अन्यायाचे होईल.

मुलाचा प्रश्न आणि वडिलांचे उत्तर

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. ७५० पैकी २८२ हे गुण आजच्या मोजमापाने साधारण वाटतील, पण त्या समाजात हे यश अपूर्व होते आणि लोकांनी त्यांचा जाहीर सत्कार करण्याचे ठरवले. बाबासाहेबांच्या स्वतःच्या प्रस्तावनेत हा सत्कार इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतर झाल्याचे म्हटले आहे, तर चरित्रकार तो मॅट्रिकशी जोडतात. तपशिलात असा फरक असला तरी रामजींच्या प्रतिक्रियेविषयी शंका राहत नाही. कार्यकर्ते परवानगी मागायला आले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. मुलगा फक्त एक परीक्षा पास झाला आहे, एवढ्याने सत्कार केला तर त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी रामजींचे स्नेही, शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केल्यावर ते राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

ते पुस्तक वाचून मुलाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. उच्च वर्णांची थोरवी सांगणारे आणि शूद्रांची हीन अवस्था रंगवणारे रामायण-महाभारत आपल्याकडून रोज का वाचून घेतले जाते, असे त्याने वडिलांना विचारले. रामजींना हा प्रश्न रुचला नाही. तुम्ही लहान आहात, सांगितले तेवढे करावे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी तो उडवून लावला. बाबासाहेबांनी या ठिकाणी वडिलांना रोमन कुटुंबप्रमुखाची उपमा दिली आहे. प्राचीन रोमच्या कायद्यानुसार घरातील कर्त्या पुरुषाला अपत्यांवर जवळजवळ अमर्याद सत्ता असे आणि रामजींचा घरातील अधिकार त्याच तोडीचा होता, असे त्यांना सुचवायचे आहे. त्याच वाक्यांच्या ओघात त्यांनी हेही नोंदवले आहे की आईवेगळा मुलगा म्हणून आपल्याला एकट्याला वडिलांशी थोडी मोकळीक घेता येत असे.

काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी रामजींनी उत्तराची तयारी केलेली होती. आपण अस्पृश्य असल्याने मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होणे स्वाभाविक आहे, तो घालवण्यासाठी हे वाचन आहे, असे त्यांनी सांगितले. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती उंचीवर गेले, कोळी म्हणवला जाणारा वाल्मीकी रामायणाचा कर्ता कसा झाला, हे मुलांनी पाहावे, अशी त्यांची दृष्टी होती. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे मुलाला जाणवले, तरी त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असे त्याने सांगून टाकले आणि राम, कृष्ण, भीष्म, द्रोण यांच्या वर्तनातील खटकणाऱ्या गोष्टीही पुढे मांडल्या. त्यावर रामजी गप्प झाले. मुलाने बंड पुकारले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

हा संवाद बाबासाहेबांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी, बौद्ध धम्म स्वीकारण्याच्या वर्षात लिहून ठेवला, याला फार अर्थ आहे. तत्पूर्वीच्या जीवनात त्यांनी वडिलांचे दैवत मानले नाही, वडिलांचे ग्रंथ मानले नाहीत, तरीही वडिलांचा हेतू त्यांनी वाचकांपुढे पूर्ण न्यायाने मांडला. रामजींनी रोज वाचायला लावले म्हणूनच ते ग्रंथ नाकारण्याइतके मुलाला माहीत झाले होते. प्रश्न पहिल्यांदा झिडकारणारा हा बाप त्यावर विचार करीत राहिला आणि दुसऱ्यांदा त्याने मुलाला बरोबरीच्या माणसासारखे कारण सांगितले. उत्तर अपुरे ठरल्यावर त्याने दंडुका उगारला नाही. रामजींच्या साऱ्या शिस्तीपेक्षा त्यांचे हे गप्प होणे अधिक मोलाचे मानावे लागेल, कारण स्वतःच्या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या मुलाची वाट त्यांनी अडवली नाही.

निरोप आणि कृतज्ञता

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारे भीमराव पदवीधर झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. मुलाने बडोद्याला जाऊ नये, तेथे त्याला जातीचा त्रास होईल, असे रामजींचे मत होते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईकडे येताना वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घेण्याकरिता भीमराव उतरले, तेवढ्यात गाडी सुटली आणि घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

वडिलांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांनी त्यांनी न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला केवळ जन्म देतात, त्याचे कर्म म्हणजे भवितव्य त्यांच्या हाती नसते, ही समजूत सोडून दिली पाहिजे, मुलांच्या आयुष्याला आकार देणे पालकांना शक्य असते आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांच्या या तरुणाने आपल्या बापाच्या कष्टांतून सर्व समाजाला लागू पडणारा नियम काढला आणि बहिणींच्या पिढीला जे लाभले नाही ते पुढच्या मुलींना मिळावे, अशी मागणी त्याच्याशी जोडली.

रामजी सुभेदारांच्या उदाहरणावरून आजच्या पालकांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला वेळ देणे, त्याच्या अभ्यासाची जागा आणि शांतता राखणे, पुस्तकासाठी हात आखडता न घेणे आणि त्याने विचारलेल्या अवघड प्रश्नाला आज ना उद्या खरे उत्तर देणे या गोष्टींना श्रीमंती लागत नाही. त्यांना सातत्य लागते आणि ते घरातील मुलगा व मुलगी या दोघांच्याही वाट्याला यावे लागते. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला, रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंधग्रंथ बाबासाहेबांनी वडिलांच्या आणि आईच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्या दोघांनी केलेला त्याग व दाखवलेली प्रबुद्ध दृष्टी यांबद्दलची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत नोंदवून ठेवली.